ओली बरणी, सुकी बरणी: कोकणातल्या हवेत ५२ आठवड्यांचं मिक्स्ड मीडिया जर्नल

प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळ राहणाऱ्या एका वाचकाने जानेवारीत दर आठवड्याला एक प्रॉम्प्ट, म्हणजे काय काढायचं याची चिठ्ठी, घेऊन मिक्स्ड मीडिया जर्नल (रंग, कोलाज, लिखाण एकत्र असलेली चित्रवही) सुरू केलं. मेपर्यंत वही झकास फुगत गेली. मृग लागला आणि चोविसाव्या आठवड्याला प्रॉम्प्ट सुटले. जुलैत वही उघडली तर पानं एकमेकांना चिकटलेली, कव्हरवर पांढरी बुरशी. कागद चुकला, गोंद चुकला, की चिकाटी कमी पडली?

चिकाटीला बोल लावू नका. तयार मिळणाऱ्या साप्ताहिक प्रॉम्प्टच्या याद्यांनी गृहीत धरलेलं असतं की रंगाचा हात अर्ध्या तासात वाळेल. आपल्याकडे आषाढात तोच हात तीन-तीन तास ओलसर राहतो आणि आतून घट्ट व्हायला आठवड्याहून जास्त घेतो. पान वाळायच्या आत पुढचा रविवार येतो. नवी चिठ्ठी हातात, जुनं पान अजून पंख्याखाली. अशी दोन पानं तुंबली की तिसरं कोणी करत नाही. कागद आणि गोंदाकडे येऊच, पण पहिला बदल प्रॉम्प्टमध्ये करायचा: ते हवा बघून काढायचे.

लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घ्या. एकीत ओल्या चिठ्ठ्या, म्हणजे जेसो (रंगाआधी कागदावर लावायचा पांढरा अस्तराचा थर), ॲक्रिलिक, जलरंग, मातीचे रंग, छापील प्रतिमा कागदावर उतरवणं. दुसरीत सुक्या: रंगीत पेन्सिली, बॉलपेन, ऑइल पेस्टल, मेणबत्ती, घासून उठवलेले ठसे, कागद विणणं, सुईदोऱ्याने शिवलेलं कोलाज. ओल्या ३० आणि सुक्या २२ पुरतात, कारण जून ते सप्टेंबरचे आठवडे अठराच्या आसपास आणि वर चार परतीच्या पावसाला राखून. रविवारी संध्याकाळी कोणती बरणी उघडायची हे स्वयंपाकघरातलं जाडं मीठ सांगतं. निव्वळ मीठसुद्धा हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ओल धरतं. जाडं मीठ त्याआधीच. खडे सुटे असतील तर ओली बरणी, मिठाला पाणी सुटलं असेल तर सुकी. (पिशवीतलं बारीक मीठ यासाठी चालत नाही, ते सुटं राहावं म्हणून त्यात मुद्दाम काही मिसळलेलं असतं.)

चिठ्ठीवर नुसतं 'पाऊस' किंवा 'आठवण' लिहिलं की माणूस अर्धा तास पेन चावत बसतो. चिठ्ठीत तीन गोष्टी हव्यात: काय बघायचं, कशाने काढायचं आणि कुठे अडायचं. 'पागोळ्या, पांढरी मेणबत्ती आणि एकच निळा, सगळ्या रेघा वरून खाली, एकही आडवी नाही' असं लिहिलं की हात लगेच चालू होतो. मेणबत्तीच्या रेघांवर निळ्याचा अगदी पातळ हात फिरवला की मेणाखालचा कागद कोरा राहतो आणि पागोळ्या उमटतात. तेवढं पाणी पावसातही वाळतं. मात्र मेणबत्ती जोरात दाबायला हवी. रेघ तुटक येते ती दाब कमी पडल्यामुळे.

सुक्या बरणीत घालण्यासारख्या आणखी काही चिठ्ठ्या. 'शाकारलेली होडी': १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी नाहीतर निळ्या ताडपत्रीने झाकलेल्या असतात, त्या झापाचं विणकाम जुन्या वहीच्या कागदाच्या १ सेंटिमीटर रुंद पट्ट्यांनी करायचं, एक वर एक खाली, आणि फक्त कडा शिवायच्या. गोंदाचा थेंबही लागत नाही. 'कौलं': मंगलोरी कौलांची एकच ओळ, बॉलपेनने, पण प्रत्येक कौलाला वेगळी छटा. 'कशेळीचा हत्ती': रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, कातळशिल्पात एका मोठ्या हत्तीच्या आकृतीच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. तुमच्या घरातली एक मोठी वस्तू घ्या, तिच्या बाह्यरेषेच्या आत त्या खोलीतल्या बाकीच्या वस्तू बसवा, सगळं एका जाडीच्या रेघेत. हे घरी बसून करायचं. कातळशिल्पावर कागद ठेवून खडूने ठसा घेण्याचा मोह कोणी करू नये, रेघ आधीच झिजलेली असते.

गंजिफाची चिठ्ठी सलग दोन आठवडे पुरते. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा म्हणजे पत्त्यांचा खेळ: १२० गोल पानं, दहा रंग, प्रत्येक रंगात एक ते दहा, शिवाय राजा आणि प्रधान. चहाची बशी ठेवून वर्तुळं आखा आणि स्वतःचा एक रंग तयार करा. फणसाचा म्हणा, विळीचा म्हणा. पहिल्या आठवड्यात राजा आणि प्रधान, दुसऱ्यात एक ते दहा. दहा वस्तू एका वर्तुळात नीट मांडणं हा रचनेचा फार चांगला व्यायाम आहे, दिसतो तेवढा सोपा नाही.

ओल्या बरणीतली एकच चिठ्ठी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात माध्यमाच्या बहुतेक अडचणी येऊन जातात: कावी. गोव्यात, कारवारकडे आणि सिंधुदुर्गातल्या काही देवळांत पांढऱ्या चुन्यावर लाल गिलावा चढवून, तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा दाखवलेली चित्रं दिसतात. पानावर चुना येत नाही, पण तत्त्व तेच ठेवता येतं.

आधी माती. चिरेखाणीवरचा जांभ्याचा भुगा वाटीभर घ्या, मलमलीतून चाळा, बरणीत पाण्यात ढवळा आणि मिनिटभर थांबा. जड कण तळाशी बसतात. वरचं गढूळ लाल पाणी दुसऱ्या बरणीत ओता, पहिल्या बरणीतली रेव टाकून द्या. दुसरी बरणी दिवसभर न हलवता ठेवली की तळाशी लोण्यासारखा गाळ जमतो. वरचं पाणी निथळून टाका आणि गाळ ताटलीत वाळवा. हा रंग उन्हात उडत नाही, कारण तो लोखंडाच्या गंजाचाच रंग आहे. वाटीभर भुग्यातून दोन-तीन चमचे निघतो, तेवढा चार पानांना पुरतो.

कागदावर जेसोचे दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा, मध्ये पुरतं वाळू देऊन. मग वाळलेली लाल पूड आणि ॲक्रिलिक मॅट मीडियम (रंग नसलेलं, चकाकी नसलेलं ॲक्रिलिक) चमच्याला चमचा कालवा आणि रुंद ब्रशने एकच सरसकट हात मारा. आता थांबायचं. बोटाला रंग लागत नाही पण नखाने ओरखडा उठतो, तो क्षण गाठायचा. थंडीच्या दिवसात १५ ते २५ मिनिटांनी येतो. खराट्याची हीर तिरकी कापून तिच्या टोकाने नक्षी खरवडा. घाई केली तर रेघ कडेने पुन्हा भरून येते. उशीर झाला तर रंग खरवडला न जाता सालपटासारखा उचकटतो आणि खालचा जेसोही घेऊन येतो. तसं झालं तर पान टाकू नका, पूर्ण वाळवून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा आणि वर पुन्हा पातळ हात द्या.

मॅट मीडियमऐवजी बाभळीचा डिंक वापरता येतो: एक भाग डिंक, दोन भाग पाणी, रात्रभर भिजवून गाळलेला. खरवडायला तो जास्त सोयीचा, कारण घाई नसते, पण पान कायम पाण्यात विरघळणारं राहतं. आणि डिंकाच्या बऱ्याच कृतींत रंगाला तडे जाऊ नयेत म्हणून मध किंवा ग्लिसरीन घालायला सांगतात, ते आपल्याकडे घालू नका. दोन्ही हवेतली ओल ओढतात, मधाला वर मुंग्या.

आता कागद. वहीचा ५६ × ७६ सेंटिमीटरचा ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचा जाडपणा) जलरंगाचा पूर्ण ताव घ्या. एका बाजूने दोन आणि दुसऱ्या बाजूने चार भाग केले की २८ × १९ सेंटिमीटरचे आठ तुकडे मिळतात. सात तावांत ५६ पानं. ५२ आठवड्यांची आणि चार चाचणीसाठी. घडी घालून पट्टीच्या कडेवर फाडा, कापलेल्यापेक्षा कड छान येते. पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड सुती कागद कोलाज आणि शिवणकामाला उत्तम. साधा १५० जीएसएम कार्ट्रिज कागद ओल्या कामाला घेऊ नये, जेसोच्या पहिल्याच हाताला तो पापडासारखा वळतो.

कागद जुना असेल तर आधी तपासा. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. चांगल्या कागदावर तो मण्यासारखा बसून राहतो. दहा सेकंदांच्या आत आत शिरून काळपट डाग पडला तर ओलीने कागदाचं सायझिंग, म्हणजे त्यातली पाणी अडवणारी खळ, गेली आहे. अशा कागदावर जलरंग टिपकागदासारखा पसरतो. तो फेकायचा नाही, जेसो लावून ॲक्रिलिक आणि कोलाजला वापरायचा. पावसाळ्यातून गेलेल्या कागदाचं हे हमखास होतं, आणि लोक स्वतःच्या हाताला दोष देत बसतात.

बांधलेली वही आपल्या हवेला गैरसोयीची आहे, हे माझं ठाम मत. कण्याजवळ हवा खेळत नाही, एक पान ओलं राहिलं की शेजारची दोन बिघडतात, आणि एक पान बाहेर काढून वाळवता येत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथीची पोथी बघा: सुटी पानं, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, सगळी एका बासनात. आपणही पोथीच करावी. पानं सुटी ठेवा, वर-खाली पातळ प्लायच्या दोन फळ्या आणि सुती नाडी. पाठीला पाठ लावण्याचाही फायदा आहे: एका बाजूचा कागद रंगाने आणि गोंदाने ओढला जातो तेव्हा दुसऱ्या बाजूचा तेवढाच उलट ओढतो, पान सपाट राहतं. एकटं पान वळलंच तर पाठीवरून ओलसर स्पंज फिरवा, दोन कोऱ्या कागदांमध्ये घालून वर पाटा ठेवा आणि कोरे कागद सहा-सहा तासांनी बदला. धातूच्या रिंगा नकोत. खाऱ्या वाऱ्यात त्या वर्षाच्या आत गंजतात आणि भोकाभोवती तपकिरी वलय सोडतात. स्टेपलर, टाचण्या, सेफ्टी पिन यांचंही तेच. टाचायचं असेल तर शिवा.

पावसाळ्याची तयारी मेमध्येच करायची. आगोटीच्या बेगमीत कांदे, सुकी मासळी, पापड येतात तसे जेसो लावलेले १८ कागद धरा. मेच्या उन्हात दोन्ही हात दिवसाभरात वाळतात. मग पावसात तयार जमिनीवर, म्हणजे या जेसोच्या थरावर, फक्त पेन्सिल, पेस्टल, बॉलपेन चालवायचं असतं. जेसोची खरबरीत जमीन फाइनलायनरचं (बारीक टोकाच्या पेनाचं) टोक खाते, म्हणून लिखाणाच्या जागी आधी पॉलिश पेपर फिरवा. पाण्याने न पसरणाऱ्या पिगमेंट इंकचं पेन घ्या. देवनागरी मोठ्या अक्षरात हवी असेल तर बोरू आणि पातळ केलेलं ॲक्रिलिक. बोरू लगेच धुवा.

आठवड्याचं गणित साधारण असं: रविवारी चिठ्ठी आणि जमीन, १५ मिनिटं. मंगळवार किंवा बुधवारी मुख्य थर, अर्धा तास. शुक्रवारी रेघा आणि लिखाण, २० मिनिटं. मधले दिवस मुद्दाम मोकळे, ते वाळण्याचे. शनिवारी पाठीवर तारीख आणि वापरलेली माध्यमं लिहायची, बटर पेपर घालायचा आणि पान डब्यात. गणपतीत आणि शिमग्यात हे जमत नाही, तेव्हा १० सेंटिमीटरच्या चौकोनात जेवढं बसेल तेवढंच. राहिलेला आठवडा मागाहून भरू नका. कोऱ्या पानावर तारीख टाका आणि पुढे चला.

गोंदाबद्दल. कागदावर कागद चिकटवायला फेव्हिकॉल एमआर तीन भाग आणि पाणी एक भाग, ब्रशने दोन्ही पृष्ठांवर, मग मधून कडेकडे हाताने दाबत हवा काढायची. फुगे राहिले तर सुईने टोचून दाबा. लाकडाचा फेव्हिकॉल कागदाला फार जाड पडतो. ग्लू स्टिकचे कोपरे पावसात सुटतात आणि सेलो टेपचा चिकटा काही वर्षांनी पिवळा होऊन पसरतो. मैद्याची खळ हातकागदाला सुंदर बसते: दोन चमचे मैदा, दहा चमचे पाणी, गार असतानाच गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवायची आणि गाळायची. बाइंडर लोक तिच्यात मोरचूद घालतात म्हणजे कीड लागत नाही, पण ते विष आहे, मुलांच्या हाताखाली येणाऱ्या जर्नलमध्ये नको. लवंगेच्या तेलाचे तीन-चार थेंब घाला, फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. आणि खळ फक्त नोव्हेंबर ते मे. पावसात ती कसर आणि झुरळांना आमंत्रण आहे.

किनाऱ्यावरच्या वस्तू पानावर लावायचा मोह इथे सगळ्यांनाच होतो. वाळू गोड्या पाण्यात तीनदा धुवा आणि उन्हात कडक वाळवा. मीठ राहिलं तर पान दर पावसाळ्यात घाम सोडतं. ओल्या जलरंगावर मीठ भुरभुरून येणाऱ्या फुलांची चिठ्ठी म्हणूनच डिसेंबरातली आहे, आणि वाळल्यावर खडा न् खडा झटकायचा. शिंपले आणि जाड काथ्या पान फुगवतात. २ मिलिमीटरपेक्षा जाड काहीही नको. त्याऐवजी माडाच्या झावळीच्या बुडाशी मिळणारं जाळीदार कापड घ्या, पातळ असतं आणि रंगाचा ठसा उठवायलाही चालतं. काजूच्या कच्च्या बियांची टरफलं कशालाच वापरू नका, त्यातलं तेल कातडी भाजतं. एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट लावलंत तर वर्षभरात कोरं होईल, कारण तो उष्णतेने छापणारा कागद आहे. त्याची झेरॉक्स लावा. वर्तमानपत्राचंही तसंच करा, तो कागद पिवळा पडतो. झेरॉक्सवरून प्रतिमा उतरवायची असेल तर शाईची बाजू मीडियममध्ये उपडी दाबा, थंडीत रात्रभर वाळवा, मग पाठीचा कागद ओल्या बोटाने चोळून काढा. इंकजेटची शाई पसरते. अक्षरं उलटी येतात, म्हणून आधी आरशातली प्रत काढून घ्या.

कोकमाच्या रसाची चिठ्ठी एप्रिलमध्ये जरूर ठेवा. गर्द लाल डाग पडतो आणि त्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला की रंग निळसर-काळपट होत सरकतो. पण हा रंग उन्हात उडतो आणि रसातलं आम्ल कागद खातं. हळदीचंही तसंच: चुन्याने लाल होते, उन्हाने फिकी. असं पान केलं त्या दिवशीच त्याचा फोटो काढा. कोणताही घरगुती रंग तपासायचा तर पट्टी रंगवून अर्धी पुठ्ठ्याने झाका आणि खिडकीत १५ दिवस ठेवा.

साठवण: हवाबंद प्लास्टिकचा डबा, दोन पानांमध्ये बटर पेपर, आणि ५० ग्रॅम सिलिका जेलच्या दोन पुड्या. प्लास्टिकचे पारदर्शक कागद पानांमध्ये नकोत, ते ओल कोंडतात आणि ॲक्रिलिकला चिकटून बसतात. रंग बदलणारी जेल घेतली की ती कधी भरली हे कळतं. भरल्यावर ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवली की पुन्हा चालते. डबा भिंतीला टेकवू नका. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते, चार बोटं अंतर हवं. कोळसा किंवा पेस्टलच्या पानावर फिक्सेटिव्ह (भुकटी झडू नये म्हणून मारायचा फवारा) मारायचं राहिलं असेल तर कोरडा दिवस बघून मारा. दमट हवेत मारलं की पृष्ठभाग धुरकट पांढरा होतो.

राहिली तुमची चिकटलेली वही. ओढू नका. ॲक्रिलिक उबेने मऊ आणि चिकट होतं, थंडीने कडक. म्हणून वही झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये २० मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर पानं वाकवायची नाहीत, थंड ॲक्रिलिक तडकतं. कोपऱ्यातून दात साफ करायचा फ्लॉस किंवा मेण लावलेला दोरा आत सरकवा आणि करवतीसारखा पुढे-मागे हलवत न्या. दोऱ्याला अडथळा वाटला की वही पुन्हा दहा मिनिटं आत. कव्हरवरची बुरशी अंगणात, तोंडाला फडकं बांधून, सुक्या ब्रशने काढा आणि कव्हर कोरं असेल तरच स्पिरिटने पुसा. रंगलेल्या पानावर स्पिरिट लागलं तर ॲक्रिलिक विरघळून बोळ्यावर येतं. पानं सुटी झाली की कणा कापून टाका, प्रत्येक पान पंख्याखाली दोन दिवस वाळवा, मग पांढरी मेणबत्ती हलकेच घासून मऊ फडक्याने पुसून घ्या, म्हणजे पुन्हा चिकटणार नाहीत. जिथे रंग उचकटला असेल तिथे खालचा कागद दिसेल. तेवढ्या तुकड्यावर जेसो लावून, सुकी बरणी उघडा.